सात कारणे आणि आमचे उपनगर

सांगलीच्या शाळासोबत्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप गटावर एक आकडा पुन:पुन्हा येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ४५ टक्के स्त्रियांनी, नवऱ्याने बायकोवर हात उगारणे विचारलेल्या सात कारणांपैकी किमान एका कारणासाठी योग्य ठरवले. पुरुषांचे प्रमाण ४४ टक्के होते. परवा एका वर्गमित्राने त्याखाली लिहिले, ‘बायकांनाच मान्य आहे, मग ओरड कोणाची?’

मी तावातावाने उत्तर दिले. न सांगता बाहेर जाणे, उलट बोलणे, स्वयंपाक नीट न करणे, सासरच्यांचा मान न राखणे, अशी कारणे एकेक करून विचारल्यावर ‘हो’ म्हणणारी बाई पुष्कळदा लहानपणापासून ऐकलेला घरचा कायदा सांगत असते. सर्वाधिक होकार सासरच्यांच्या मानाला मिळाला, यातच सारे आले. त्या होकाराला स्वतःच्या माराची संमती समजणे हा शुद्ध विपर्यास आहे. पुढे जरा मिजाशीतच मी राहते त्या ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला: इथे २००९ पासून दर चार वर्षांनी स्त्रियांवरील हिंसेबद्दलची लोकांची मते स्वतंत्रपणे मोजतात आणि मारणे योग्य की अयोग्य एवढ्यावर न थांबता त्यामागचे गैरसमजही खणून काढतात.

त्या खणण्यातून काय निघाले, ते मात्र मी गटावर टाकले नाही. २०२१ च्या फेरीत दर चौघांपैकी एकाचे मत असे होते की, छळणाऱ्या जोडीदाराला न सोडणारी बाई तो छळ चालू राहण्याला अंशतः स्वतःच जबाबदार असते. स्त्रियांवरील हिंसा ही देशाची समस्या आहे, हे ९१ टक्क्यांना मान्य होते. आपल्या उपनगरात किंवा गावात ती आहे, असे मानणारे ४७ टक्केच होते.

मला कोणी विचारले असते, तर मीही ‘आमच्याकडे नाही’ असेच म्हटले असते. आमचे उपनगर शांत आहे, कचऱ्याचे बिन्स वेळेवर बाहेर येतात, शनिवारी मराठी शाळा भरते. त्याच शाळेत मुलाला सोडायला येणारी एक मैत्रीण गेल्या हिवाळ्यात वूलवर्थ्स सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, काचा वर करून, गाडीतून माझ्याशी फोनवर बोलत होती. घरी बोलता येत नव्हते. तिचे सगळे ऐकून घेऊन मी म्हणाले, ‘थोडं सांभाळून घे गं, त्याच्यावरही कामाचा ताण आहे.’

सातांच्या त्या यादीत कामाचा ताण नाही. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही, आणि शाळेच्या दारात भेटलो की आम्ही मुलांच्या डब्यांविषयी बोलतो.