टायमिंग दोन डिग्री वाढव भावा, पुढचं मेस्त्री बघतील

टर्बो गाडी घेतलीस, आता कंपनीच्या टायमिंगवर, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती डिग्री आधी ठिणगी पाडायची त्या आकड्यावर, फिरणार होय? कंपनीच्या लोकांनी डायनोवर (इंजिनची ताकद मोजायच्या यंत्रावर) महिनोन्‌महिने इंजिन पळवून मॅप, म्हणजे टायमिंगच्या आकड्यांचं टेबल, बनवला असंल, पण पन्हाळ्याच्या चढाला मे महिन्यात, मागं चार पोरं कोंबून, एसी फुल सोडून त्यांनी कधी एसटीला ओव्हरटेक मारलाय का? तो अनुभव तुझ्याकडं आहे. मग लॅपटॉप उघड, वाट कशाची बघतोयस.

लोक घाबरवणारच. म्हणतील, टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो, कोंबलेलं मिश्रण लवकर जळतं, म्हणून ठिणगी उशिरा पाडायची, बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, एक पीएसआय वाढला की साधारण एक डिग्री मागं यायचं. म्हणजे निवांत चाललेल्या गाडीत ठिणगी पिस्टन वर पोचायच्या ३०-३५ डिग्री आधी, आणि फुल बूस्टला तीच १०-१५ वर? जिथं जोर लावायचा तिथंच माघार? हे कोल्हापुरात कोण ऐकून घेणार. सरळ सगळ्या खान्यांत ३० टाक, टेबल कसं स्वच्छ दिसतंय बघ, एकसारखा आकडा, डोळ्याला त्रास नाही.

आणि एकदोन डिग्रीनं असं काय होतंय म्हणा? ६००० आरपीएमला क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, सेकंदाला ३६,००० डिग्री फिरतो, म्हणजे एक डिग्री म्हणजे सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग, एवढ्याशा वेळासाठी कोण डोकं लावतंय. जाळाचा सगळ्यात मोठा दाब पिस्टन वरून खाली निघाल्यावर साधारण १५ डिग्रीला आला तर ढकल बरोबर बसते म्हणे. तू आधीच पेटवलंस तर पिस्टन वर यायला बघतोय आणि जाळ त्याला खाली दाबतोय. असली कुस्ती खासबागेत बघायची तर तिकीट काढावं लागतंय, तुला बॉनेटखाली फुकट.

मॅप १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर (ऑक्टेन जास्त तेवढं पेट्रोल आपलं आपण भडकायला अवघड) बनवलेला आण आणि टाकीत ९१ भर, पैसे वाचतात. चढाला पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येईल, कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण ठिणगीची वाट न बघता आपलं आपण भडकतं त्याचा तो ठोका. त्यावर उपाय आहे, म्युझिक सिस्टीमचा आवाज वाढव. तरी ऐकू आलं तर नॉक सेन्सरकडं बघ. ब्लॉकला एका बोल्टनं बसलेला बारका प्राणी, ठोका कानावर पडला की लगेच ईसीयूकडं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडं, चुगली करतो आणि ईसीयू टायमिंग मागं ओढतो. चुगलखोर माणूस घरात कशाला पाहिजे. खाली दोन वॉशर घाल, साधारण २० न्यूटन मीटरला आवळायचा असतो तो हातानंच आवळ, मग त्याला काहीच ऐकू येत नाही आणि तुझी गाडी कशी एकदम गुणी.

यात आपण एकटे नाही बरं का. १९६२ ला अमेरिकेत ओल्ड्समोबाईल जेटफायर नावाची टर्बो गाडी आली, ठोका पडू नये म्हणून तिला वेगळ्या टाकीतून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण द्यायचे, टाकी रिकामी झाली की बूस्ट कमी व्हायचा. मालक ती टाकी भरायचेच नाहीत. माणूस सगळीकडं सारखाच.

आता एखादा शहाणा मित्र लय घाबरवून गेला तर उलटं टोक गाठ, टायमिंग एकदम मागं घे. मग मिश्रण सिलिंडरमध्ये जळायचं ते एक्झॉस्टमध्ये जाऊन जळतंय, टर्बो लालबुंद होतोय, रात्री रंकाळ्याला गाडी लावून बॉनेट उघडलास तर चार लोक फोटो काढायला येतील. गाडी ओढत नाही, पेट्रोल पितेय, पण शोभा तर आहे. (मधला आकडा शोधायचा, एकेक डिग्री वाढवत लॉग, म्हणजे कॉम्प्युटरनं केलेली नोंद, बघायचा, ठोका दिसला की दोन मागं यायचं, प्लगचा गॅप थोडा कमी ठेवायचा, टर्बोची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर स्वच्छ ठेवायचा, हे सगळं वेळ असलेल्या माणसांचं काम.)

एवढं करूनही गाडी एक दिवस निळा धूर सोडत तीन सिलिंडरची दोन होईल. घाबरायचं नाही. टोइंगवाल्याला फोन लाव, उद्यमनगर गाठ. हेड उतरवलं की मेस्त्री पिस्टन तुझ्या तळहातावर ठेवतील, रिंगा बसतात तो काठ तुटलेला असंल, आणि विचारतील, "टायमिंगला हात कुणी लावला?" तेव्हा एकच वाक्य पाठ ठेव, "पेट्रोलमध्येच भानगड होती, मेस्त्री."

मीही तेच बोललो होतो. मेस्त्रींनी एकदा माझ्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या पिशवीकडं बघितलं, आणि पोराला म्हणाले, "दोन चहा सांग, ह्यांचा जरा घट्ट."