फेब्रुवारीत मोजलेली रत्नागिरी

जनगणना येतेय. घरयादी २०२६ मध्ये आणि प्रत्यक्ष माणसं मोजायची ती फेब्रुवारी २०२७ मध्ये. २०२१ ची झालीच नाही, त्यामुळे रत्नागिरीबद्दल वाद घालताना आपण एकमेकांच्या तोंडावर जे आकडे फेकतो ते अजून २०११ चेच आहेत. ते शिळे झाले, ही सगळ्यांची तक्रार. माझी तक्रार वेगळी आहे. ते ताजे होते तेव्हासुद्धा त्यांत रत्नागिरी मावली नव्हती.

२०११ ला नगरपरिषदेच्या हद्दीत माणसं भरली साधारण ७६ हजार. त्याआधीच्या जनगणनेत ७० हजारांच्या आसपास होती. म्हणजे दहा वर्षांत शहर जेमतेम हललं. हा आकडा वाचून बाहेरच्या माणसाला वाटेल, असेल एखादं निवांत तालुक्याचं गाव. त्याला संध्याकाळी सहा वाजता मारुती मंदिरच्या सर्कलला आणून उभं करा. ही सगळी गाड्यांवरची माणसं येतात कुठून आणि जातात कुठे? जातात नाचण्याला, कुवारबावला, मिरजोळ्याला, शिरगावला, खेडशीला. तिथे सहा-सात मजली बिल्डिंगा उभ्या आहेत, पण कागदावर त्या ग्रामपंचायती. पोरं शहरातल्या शाळेत, नोकरी शहरात, बाजार शहरात, दवाखाना शहरात, घरपट्टी तेवढी ग्रामपंचायतीत. हद्दवाढीचा विषय निघाला की आजूबाजूची गावं नको म्हणतात, आणि त्यांचं काही चुकतं असंही नाही. नगरपरिषदेत जाऊन पट्टी वाढणार, पाणी मात्र वाढेलच याची हमी कोण देतो?

पण शहराच्या हद्दीची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. खरी गुंतागुंत जिल्ह्यात आहे.

२००१ ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती १६ लाख ९६ हजार ७७७. २०११ ला भरली १६ लाख १५ हजार ६९. वजाबाकी करा. ८१ हजार ७०८ माणसं कमी. म्हणजे दहा वर्षांत या जिल्ह्यातून एक आख्खं रत्नागिरी शहर उठून गेलं आणि वर पाच हजार माणसं. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढला होता. राज्यात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच: आपला, सिंधुदुर्ग आणि गंमत म्हणजे मुंबई शहर. ज्या गिरणगावात आपले आजोबा-पणजोबा गेले तिथूनही माणसं उठली आणि दिवा-विरार-नालासोपाऱ्याला गेली. आपण दोन्हीकडून उठलेली माणसं.

लिंग गुणोत्तराचा आकडा आपण कौतुकाने सांगतो. २०११ ला आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ बायका. राज्यात ९२९. भाषणात टाळ्या पडतात, ‘बघा, कोकणात मुलीला कसा मान!’ अहो, मान आहे की नाही हा विषयच वेगळा. इथे बायका जास्त दिसतात कारण पुरुष इथे नाहीत. नवरा गिरणीत, खोलीवर दहा जणांत, जेवायला खानावळीत. बायको गावात सासू-सासरे, गुरं आणि भातशेती सांभाळत. ते गणित पिढ्यान्पिढ्या चाललं. आता तेही मोडतंय. २००१ ला हा आकडा १,१३६ होता, म्हणजे खाली येतोय. माझा अंदाज असा की आता बाईमाणूसही मागे राहत नाही. लग्न झालं की दोघं मिळून जातात. मागे राहते ती सासू, आणि वाडीतल्या घराला कुलूप लागू नये म्हणून राहते.

मग फेब्रुवारीत जनगणनेचा शिक्षक दारात येईल तेव्हा त्याला कोण भेटणार?

चाकरमानी भेटणार नाही. तो शिमग्याला येईल, मेमध्ये येईल, गणपतीत तर येईलच येईल. सप्टेंबरात मोजलंत तर हा जिल्हा फुटेस्तोवर भरलेला दिसेल. फेब्रुवारीत भेटतील म्हाताऱ्या बायका, पेन्शनर आणि गुरखे.

गुरखे म्हणजे आंबाबागेतले नेपाळी राखणदार, हे इथल्यांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. मोहोर यायच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला ही कुटुंबं येतात आणि आंबा संपला, पाऊस टेकला की जातात. बागेतच एखादी खोपी किंवा पत्र्याची खोली. पाणी घालणं, फवारणी, वानरांमागे ओरडत धावणं, रात्रीची राखण, काढणी, पेट्या भरणं, सगळं तेच करतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि रत्नागिरीचं नाव त्यात अधिकृत झालं. त्या आंब्यावर हंगामभर ज्याचा हात फिरतो तो माणूस मात्र बहुतेक बागांत नेपाळचा असतो.

मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे जाऊन बघा. ट्रॉलर लागतात, लिलाव सुरू होतो, बर्फ फोडणाऱ्यांची आणि टप ओढणाऱ्यांची झुंबड. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान इथला, मालक इथला, बोली लावणाऱ्या बायका इथल्या. खलाशी एकमेकांना हाका मारतात त्या नेपाळीत. जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की होड्या वर ओढल्या जातात आणि ते गावी निघतात. बंदी उठून नवा हंगाम लागायच्या वेळेला प्रत्येक मालकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, खलाशी आले का? उचल देऊनही येतील याची खात्री नाही. खलाशी न आल्यामुळे बंदी संपूनही धक्क्याला बांधून पडलेल्या बोटी मी दरवर्षी बघते. आणि चिरेखाणीवर, बांधकामावर, सेंट्रिंगला कर्नाटकातली माणसं. बिल्डिंगचा पाया घालायला विजापूरकडचा माणूस आणि त्यातला फ्लॅट घ्यायला डोंबिवलीचा. संध्याकाळी नाचण्याच्या रस्त्याने चालत गेलात तर कुठल्या बिल्डिंगमध्ये किती फ्लॅटना दिवे लागतात ते मोजून बघा.

तर माझं म्हणणं इथे आहे. आपण एका तोंडाने म्हणतो रत्नागिरीत काम नाही, पोरं मुंबईला जातात. दुसऱ्या तोंडाने म्हणतो कामाला माणूस मिळत नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच घरात खरं आहे.

मी नोकरीभर बँकेत काउंटरला बसले. आंब्याच्या दिवसांत बागायतदार वाशीच्या दलालाची पट्टी घेऊन यायचे. पट्टी म्हणजे हिशेबाचा कागद: पेट्या अमुक, भाव तमुक, त्यातून भाडं वजा, हमाली वजा, कमिशन वजा, आणि फवारणीसाठी हंगामाच्या आधी घेतलेली उचल वजा. खालचा आकडा बघून माणसाचा चेहरा कसा होतो ते काचेपलीकडून रोज दिसायचं. एकदा एका ओळखीच्या काकांना विचारलं, मुलाला का नाही बसवत बागेत, तीनशे कलमं आहेत तुमची. ते म्हणाले, “तो बसायला तयार आहे गो, पण बागेत बसलेल्याला मुलगी कोण देतो? स्थळ आलं की पहिला प्रश्न, मुलगा मुंबईत असतो ना?” तो मुलगा आज ठाण्यात एका कुरिअर कंपनीत आहे. बाग गुरखा सांभाळतो. गुरख्याला जे मिळतं आणि मुलाच्या हातात भाडं देऊन जे उरतं, त्यात फार फरक असेल असं मला वाटत नाही.

नोकरी म्हणजे सात तारखेला पगार, पीएफ आणि लग्नाच्या बोलणीत सांगता येईल असं काहीतरी. आंबा आणि मासळी, या शहराचे दोन मोठे धंदे, यांतलं काहीच देत नाहीत. दोन्ही हंगामी, दोन्ही हवामानाच्या भरवशावर. २००९ चं फयान, २०२१ चं तौक्ते, मधल्या काळातला अवकाळी, मोहोर करपवणारी थंडी-गरमी, फुलकिडे. आणि दोन्हीत माल इथला, पण त्याचा भाव बाहेर ठरतो. सुरिमीसारखं, म्हणजे माशाच्या प्रक्रिया केलेल्या लगद्यासारखं काही इथेच बनवून परदेशात पाठवणारा गद्रे मरीनसारखा कारखाना मिरजोळ्याच्या एमआयडीसीत उभा राहिला, ते मला मोठं काम वाटतं. त्यासाठी लागणाऱ्या राणीमाशाची किंमत त्याने बदलली. पण असे किती? बाकी मासळी बर्फात घालून ट्रकने जाते, आणि तिच्यावरची पुढची कमाई दुसऱ्याच्या गावात होते.

पैसा मात्र शहरात आहे, बरं का. कोणाला रत्नागिरी गरीब वाटत असेल तर त्यांनी कुठल्याही शाखेतल्या मुदत ठेवी बघाव्यात. मुंबईहून येणारा पैसा, पेन्शन, आणि कुवेत-सौदी-दुबईहून येणारा. साखरतर, कर्ला, राजीवडा, मिरकरवाडा या बाजूच्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस आखातात किंवा जहाजावर. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनवाल्यांची रांग दाराबाहेर जायची. ठेवींचं टार्गेट आम्हाला कधी जड गेलं नाही. कर्जाचं जायचं. धंद्याला कर्ज मागणारा तरुण शोधून आणावा लागायचा आणि आलाच तर बहुतेक वेळा रिक्षा, टेम्पो किंवा होमस्टे. एका पिढीने बाहेर जाऊन मिळवलेला पैसा इथे ठेवला, आणि तो पैसा कर्ज होऊन पुन्हा बाहेरच गेला.

आता प्रकल्पांचा विषय, ज्यावरून आपण दर पाच वर्षांनी भांडतो. रिफायनरी हवी की नको, नाणार की बारसू, जैतापूरच्या अणुप्रकल्पाचं काय झालं. एक गट म्हणतो आमच्या पोरांच्या हाताला काम. दुसरा म्हणतो आमचा आंबा, आमची मासळी. मी दुसऱ्या गटाच्या जवळची आहे हे आधीच सांगते. नव्वदच्या दशकात स्टरलाइटचा तांबे कारखाना या शहराने परत पाठवला तेव्हा आम्हाला विकासविरोधी म्हणून झालं. तोच कारखाना तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला, आणि २०१८ मध्ये तिथे आंदोलकांवर गोळीबार होऊन १३ माणसं मेली, मग तो बंद पडला. त्यामुळे परत पाठवलं याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

पण आपल्या बाजूलाही एक प्रश्न विचारायला हवा. आपण ‘आमची मासळी, आमचा आंबा’ म्हणतो तेव्हा त्यातलं ‘आम्ही’ म्हणजे मालक. काम करणारे त्यात नाहीत, त्यांना कोणी सभेला बोलावत नाही. आणि समोरची बाजू ज्या बेकार पोरांच्या नावाने नोकऱ्या मागते ती पोरं ठाण्या-पनवेलला कधीच लागलेली आहेत. कारखाना आला तर ती परत येतील, की चिरेखाणीसारखी तिथेही बाहेरचीच माणसं भरतील? रनपारला फिनोलेक्सचा कारखाना आहे, जयगडला वीज प्रकल्प आणि बंदर आहे. त्यांच्या गेटवर सकाळी उभं राहून कोण कुठून आलंय ते नीट मोजलं, तर पुढच्या प्रकल्पाबद्दल आपण थोडं शहाण्यासारखं भांडू.

आणि मोजणीला किंमत असते, हे आपण एकदा भोगलंय. पूर्वी जिल्ह्यातून सात आमदार जायचे. मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून पाच झाले. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघच पुसले गेले. आपले मतदार ठाण्याला गेले, पाठोपाठ आमदारही तिकडेच वाढले. यापुढे फेररचना होईल तेव्हा पुन्हा हेच होणार, त्यात आश्चर्य वाटायला नको. निधी, डॉक्टर, शिक्षक, एसटीच्या फेऱ्या, सगळ्यांचा हिशेब डोक्यांवर. जिथे म्हातारी माणसं जास्त तिथे डॉक्टर जास्त लागतात, हे कोणत्याच सूत्रात बसत नाही.

म्हणून काही गोष्टी आत्ताच लिहून ठेवते. बागायतदारांनो, मोजणीला कोणी आलं तर बागेतल्या खोपीकडे बोट दाखवा. ‘ते आमच्यातले नाहीत’ असं सांगू नका. जनगणनेत राहणारा माणूस मोजतात, नागरिकत्व तपासायला कोणी येत नाही. गुरख्यांची पोरं जिथे शाळेत येतात तिथे पट टिकलाय, हे गुरुजींना विचारा. बोटमालकांनो, खलाशी जिथे झोपतात त्या खोल्याही घरंच आहेत. २०११ ला बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. या वेळी तशीच रात्र ठरली तर जी बोट समुद्रात असेल तिच्यावरच्या माणसांचं काय, हे कलेक्टर कचेरीत आधीच विचारून घ्या.

आणि गावाकडच्या काकूंनो, रेशनकार्डातून नाव जाईल या भीतीने मुंबईतल्या मुलाचं, सुनेचं, नातवंडांचं नाव इथे सांगू नका. जनगणनेचा रेशनशी काही संबंध नाही. तो तिकडे राहतो, त्याला तिकडे मोजू दे. इथे जेवढी माणसं खरंच आहेत तेवढी लिहिली गेली, तर निदान तुमच्या वाडीत किती जण सत्तरीच्या वर आहेत आणि एकटे आहेत, हे कोणाला तरी कळेल. आरोग्य केंद्रातली रिकामी पदं भरा म्हणून भांडायला तो आकडा मला हवा आहे.