बादलीला कान लावून

रात्री अडीच वाजता मी बादलीला कान लावून बसलो होतो. बायकोने दिवा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "काही बोलतंय का?"

बोलत नव्हतं. तोच तर घोर होता.

घरी बिअर करणाऱ्याला वाटत असतं की बिअर आपण करतो. छे! आपण माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी हॉप्सची कडवट फुलं टाकून उकळायचं, गार करायचं आणि बाजूला व्हायचं. आपण नुसते वाढपी. जेवायचं की नाही, किती आणि कधी, हे ११ ग्रॅमच्या पाकिटातून आलेली यीस्टची पंगत ठरवते. साखर खाऊन दारू आणि वायू करणार ते.

पहिल्यांदा आणलं ते एल नावाच्या बिअरचं साधं यीस्ट. गुणी लेकरू. १८ ते २० अंशांत ठेवलं की दुसऱ्या दिवशी बादलीच्या झाकणातला एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी, गुबुगुबु बोलू लागतो, दहाबारा दिवसांत काम चोख. त्याचा गुणीपणा मी माझ्या खात्यावर जमा केला. तिथेच चुकलो.

मग आलं इंग्लिश यीस्ट. तीन दिवस दणक्यात काम, आणि चौथ्या दिवशी सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून तळाशी गाढ. साखर अजून शिल्लक! वर बिअरला लोण्याचा वास. तो वास यीस्टनेच केलेला असतो आणि निस्तरतंही तेच, पण त्यासाठी जागं तर असायला हवं. म्हणून बादली उबेत न्यायची, हलक्या हाताने घुसळायची, "उठा, उजाडलं" करायचं.

जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्ट अत्तरवाल्याच्या कुळातलं. गारव्यात लवंग, उबेत केळं. मी ते २४ अंशांवर ठेवलं आणि आठवडाभर घरात केळ्याची वखार असल्यासारखा दरवळ. शिवाय फेस इतका, की त्याने एअरलॉक उडवून थेट छत गाठलं. डाग अजून आहे. पाहुण्यांना मी ओल आहे असं सांगतो.

लागर या थंडीत मुरणाऱ्या बिअरचं यीस्ट म्हणजे उलट प्रकार. याला १० ते १२ अंश लागतात, कारण आईबापांपैकी एक थंडीत रमणारं रानटी यीस्ट. काम सावकाश, आणि करताना कुजक्या अंड्यांचा वास. १८८३ साली एमिल हान्सेन यांनी कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एकाच पेशीपासून याची शुद्ध पैदास केली, तेव्हा त्यांना फ्रिजमधल्या भाज्यांवरून कुणी बोललं नसावं. पुढे थंडीत मुरताना तो वास जातो म्हणा. बायकोचा राग त्याहून जास्त मुरतो.

पण ती अडीच वाजताची बादली होती सेझॉन नावाच्या बेल्जियन बिअरची. तिचं यीस्ट १.०५५ घनतेवरून (साखर संपते तसा हा आकडा उतरतो) धावत सुटलं आणि १.०३५ वर येऊन रस्त्यातच बसलं. घनता मोजणारा हायड्रोमीटर रोज तरंगायचा, रोज तोच आकडा. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. जाणत्यांनी सांगितलं, त्याला ऊब दे, २८-३० अंश. मी बादलीला पांघरूण घातलं, शेजारी हीटर लावला, आणि आम्ही दोघं बाजूच्या खोलीत कुडकुडलो.

दोन आठवड्यांनी ते हललं. आकडा १.०१०! मी आनंदाच्या भरात दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा न पाहताच, फेसापुरती मोजून साखर घालून, बाटल्या भरल्या.

आता गंमत अशी, की बाकीचं यीस्ट ज्या जड साखरा ताटात टाकून उठतं, त्या तोडून खायचं विकर या सेझॉनवाल्यांपैकी काहींकडे असतं. १.०१० हे त्यांचं जेवण संपल्याचं लक्षण नव्हतंच. मधला नुसता ठसका होता तो. बूच बसलेल्या बाटल्यांत त्यांनी निवांत दुसरा भात घेतला, आणि त्यातून होणारा वायू जाणार कुठे?

तीन आठवड्यांनी, रात्रीच, कपाटातून धाडकन आवाज आला. मग काचा. मग पुन्हा धाड.

बायकोने या वेळी दिवाही लावला नाही. कूस बदलत म्हणाली, "बोललं."