चावी कुणाकडे आहे?

आपल्या बेळगावच्या वाचनालयात परत तेच उत्तर! ‘त्या कपाटाची चावी सरांकडे असते, ते आज आले नाहीत.’ अहो, मग येतात तरी कधी? काचेआड संगीत नाटकांची पुस्तकं, चित्रकलेवरचे ग्रंथ, दिवाळी अंकांचे बांधीव खंड नुसते दिसतात. यादी मागावी तर दाखल क्रमांकांची, म्हणजे पुस्तकं आली त्या क्रमाने नोंदलेली, वही पुढे सरकवतात. विषयवार काही नाहीच! ज्या बेळगावात १९४६च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, जिथे इंदिरा संतांचं आयुष्य गेलं, तिथे मराठी पुस्तकं कसरीला खायला ठेवायची? इथे मराठी फलकासाठी भांडतोच आहोत, आता आपल्याच कपाटासाठीही भांडायचं? उघडा ते! पोरांना चाळू दे, धूळ लागली तरी चालेल.