बटण दाबून कुणी गायक होत नाही

सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात माझ्याकडे भजनं रेकॉर्ड करून घ्यायला मंडळी येतात. यंदा एका भजनी मंडळातल्या काकूंनी मोबाइलवरचा मेसेज दाखवला: ‘आता रियाज नको. बटण दाबलं की बेसुरा सुरात येतो, बेताल तालात. जुने गायक मात्र एका दमात खरं गायचे.’ काकू म्हणाल्या, “मग आम्ही रोज कशाला बसायचं?” मला ते लागलं.

बेसुरा सुरात येतो? मेसेजमधलं बटण म्हणजे ऑटोट्यून, सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर. ते १९९७ साली आलं. ते आवाजाचा सूर मोजतं आणि जवळच्या स्वरावर नेतं. गायकाच्या मनातल्या नव्हे. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. कोमल-तीव्र धरून लगतच्या दोन स्वरांत १०० सेंटचं अंतर असतं. गायक ५० सेंटच्या पुढे घसरला, तर सॉफ्टवेअर त्याला शेजारच्या चुकीच्या स्वरावर नेऊन बसवतं. रागाचे स्वर आधी निवडून दिले तर धोका कमी होतो, संपत नाही. उलट सुरेल माणसाचं नुकसान होतं. तानपुऱ्याशी जुळलेला शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, सॉफ्टवेअरचा ४०० वर. म्हणजे बरोबर लागलेला गंधार ते चढवून ठेवतं, आणि मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याच्या, पायऱ्या करतं. म्हणून मी मेलोडाईन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक स्वर हातानं बघतो. त्यालाही आवाज स्वच्छ लागतो. शहराच्या पूर्व भागात एका घरी रेकॉर्ड केलं तेव्हा शेजारच्या यंत्रमागाची खडखड गळ्यात अशी मिसळली, की सॉफ्टवेअरला सूरच नीट सापडेना.

तालाचं तर याहून नाजूक. ‘सिद्धरामा’ म्हणताना ‘स’चा सुस्कारा मात्रेच्या आधी सुरू होतो, मात्रेवर पडते ती ‘इ’. शब्दाची सुरुवातच मात्रेला चिकटवली की सगळी ओळ मागे पडल्यासारखी वाटते. शिवाय ठेक्याच्या किंचित मागे राहून गाण्यातली जी गोडी आहे, ती बेताल नाही. ती सरळ केली की भजन निर्जीव होतं.

जुने एका दमात गायचे, हे तबकडीवर थेट ध्वनिमुद्रण व्हायचं त्या काळापुरतं खरं. टेप आल्यावर वेगवेगळ्या टेकमधले, म्हणजे एकच गाणं पुन्हा पुन्हा गाऊन घेतलेल्या रेकॉर्डिंगमधले, चांगले तुकडे ब्लेडनं कापून जोडले जायचे. त्यानं त्या गायकांची थोरवी कमी होत नाही.

काकूंच्या भजनात मी दोनच स्वर हलवले. तिसऱ्या कडव्यात त्यांचा श्वास पुरला नव्हता. ते कडवं काकू दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा गायल्या.