"सिमेंटच्या बिल्डिंगीत कसला आला वारसा?" या मेसेजला उत्तर

राजेहो, ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की वारसा म्हणजे किल्ले, हेमाडपंथी मंदिरं, शंभर वर्षांवरचं काम. सिमेंटची शाळा, एसटी स्टँड, पंचायत यांचं आयुष्यच पन्नास वर्षं, पाडा अन् नवीन बांधा.

शंभर वर्षांची अट केंद्राच्या 1958 च्या कायद्यात आहे, खरंय. पण ती सरकारी संरक्षणापुरती. गांधीजी सेवाग्रामात आले 1936 ला, म्हणजे या हिशोबानं बापू कुटीसुद्धा अजून वारसा नाही, पटते का हे? चंदीगडचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, म्हणजे विधानसभा, सचिवालय, हायकोर्टाच्या बिल्डिंगी, तर स्वातंत्र्यानंतरचं, उघड्या काँक्रीटचं, ते 2016 ला युनेस्कोच्या यादीत गेलं. अन् वय मोजत बसलं की काय होते तेही पाहा. दिल्लीच्या प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स, 1972 चा, आर्किटेक्ट राज रेवाल, इंजिनिअर महेंद्र राज, एवढी मोठी स्पेस फ्रेम, म्हणजे दांड्यांच्या त्रिकोणांनी जोडलेला, मधात खांब नसलेला सांगाडा, मजुरांनी जागेवर काँक्रीटमध्ये ओतलेली. साठ वर्षं भरली नाहीत म्हणून वारसा धरला नाही, एप्रिल 2017 मध्ये पाडला. साठ भरायला आधी उभा तर राहू द्यायला पायजे होता!

पन्नास वर्षांचं म्हणाल तर, स्लॅबवर पाणी साचते, आत झिरपते, सळईला गंज चढतो, गंज फुगून खालचं काँक्रीट सोडते, तेव्हा सळई दिसते अन् आपण म्हणतो बिल्डिंग संपली. बऱ्याच वेळा सुटलेला भाग काढून, सळई साफ करून, गंजरोधक लावून पुन्हा भरता येते, फक्त गळती पहिल्या वर्षीच थांबवा. खरंच धोकादायक असली तर पाडा, पण ते इंजिनिअरनं तपासून सांगावं, मेसेजनं नाही.

"सगळ्या सरकारी शाळा एकाच नकाशाच्या" हेही अर्धंच. नकाशा वरून आला, हात गावच्या मिस्त्रीचा. जुन्या शाळेचा व्हरांडा पाहा, पोरं बसून बसून गुळगुळीत झालेला कट्टा, खिडकीवर खोल छज्जा, वर सिमेंटची जाळी, ऊन आत येत नाही पण हवा खेळते, मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर जातो तेव्हा त्या खोलीत बसवते, नव्या टिनाच्या खोलीत नाही. ही अक्कल लिहून कोणी ठेवली?

ही नोंद ठेवायला पैशाचं तर बोलूच नका, मोजपट्टी अन् मोबाईल पुरते. चारही बाजूंचे फोटो, खोल्यांची मापं, जाळीचं एक भोक पट्टी लावून, अन् बांधणारा मिस्त्री हयात असला तर त्याचं बोलणं रेकॉर्ड. जिनिंगची शेडं अन् शकुंतला रेल्वेची, आपल्या विदर्भातल्या जुन्या नॅरोगेज गाडीची, स्टेशनंही यातच धरा. पाडायचा ठराव ग्रामसभेत आला तर आधी ही फाईल मागा भाऊ, मग हात वर करा.