तवरमनी

आज दुपारी आमच्या वसाहतीतल्या हळदीकुंकवात जे घडले, त्यामुळे घरी आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. जात्यावरच्या ओव्या रंगल्या होत्या; बैलहोंगलकडची एक नवी सून आईकडून शिकलेले कन्नड ‘बीसुकल्लिन पद’ म्हणू लागली, आणि दुसरी ओळ पुरी होण्याआधीच आयोजक बाईंनी ‘इथे मराठीच चालेल’ म्हणत तिच्या हातातला माईक काढून घेतला. बीसुकल्लु म्हणजे जाते. ती पोर जात्यावरचीच गाणी गात होती हो!

मला आमच्या खानापूरकडच्या घरातले, ओसरीवरचे जाते आठवले. शेजारच्या कन्नड अक्का दळायला येत आणि खुंट्याला एक हात त्यांचा, एक आजीचा असे. आजीचे कन्नड बाजारात भाव विचारण्यापुरते; पण अक्कांच्या पदात ‘तवरमनी’ हा शब्द आला की तिचा हात मंदावायचा. त्याचा अर्थ माहेर, हे तिला कोणी सांगितले नव्हते. एका पंचमीला दळण आटोपल्यावर ती मला हळूच म्हणाली, “औंदा तिचा मुराळी आलाच न्हाई बघ.” अक्कांनी तसे सांगितले नव्हते, फक्त गायले होते.

१९५६ पासून सीमाभागात मराठी माणसाने काय सोसले, ते मला कोणी शिकवू नये. फलकांवरून, शाळांवरून येणारा राग रास्त आहे, तेवढे मान्य. पण तो राग माहेर आठवणाऱ्या एका सुनेवर काढायचा? इथून जवळच्या, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले, घरी कन्नड बोलणारे कुमार गंधर्व क्षयाने अंथरुणाला खिळले असताना देवासच्या बायाबापड्यांची माळवी गाणी कान देऊन ऐकत राहिले आणि पुढे त्यांतूनच त्यांचे गाणे नव्याने उमलले. त्यांची मैफल ऐकली म्हणून अभिमानाने सांगणारे आपण, आपल्याच दिवाणखान्यात दोन ओळी ऐकू शकलो नाही.

राग बाईंवर आहे, पण त्याहून माझ्यावर अधिक आहे, कारण आजीच्या मांडीला मांडी लावून ती पदे ऐकलेली मी, खुर्चीतून उठले नाही. ती वाण न घेताच निघून गेली. ते मी उचलून आणले आहे. उद्या सकाळी तिच्या घरी नेऊन देईन, आणि तिची हरकत नसेल तर ते पद शेवटपर्यंत ऐकून येईन.